सोजरबाईची निवड

दानार्पणाचं गीत चालू असताना गावचे पोलीस पाटील चर्चच्या दारात येऊन उभे राहिले. वहाणा त्यांनी काढल्या होत्या. टोपी काढायची की ठेवायची याचा मात्र अंदाज येईना, म्हणून ती हाताने डोक्याच्या जरा वर धरून ठेवली होती. मी मंडळीचा सेक्रेटरी आणि मिशनच्या शाळेचा हेडमास्तर; त्यामुळे दाराजवळच्या खुर्चीचा मान माझा. त्यांनी मला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं आणि कडुनिंबाखाली नेलं.

“मार्थाबाईंचा आशेर,” ते म्हणाले. “घाटात ट्रक उलटला पहाटे. जागेवरच संपला.”

आत गीताचं दुसरं कडवं सुरू झालं होतं. मार्थाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तो नेहमीच असायचा; सुरात नसला तरी वर असायचा.

“टेम्पोत घालून आणताहेत. दुपारच्या आत पोचतील. त्याच्या आधी बाईंना कुणीतरी सांगायला पाहिजे. एकदम दारात टेम्पो नको उभा राहायला.”

“पाटील, तुम्हीच जर…”

“मी कुणाच्या दारात गेलो की लोक आधी विचारतात, काय चोरीला गेलं?” त्यांनी टोपी डोक्यावर ठेवून दिली. “असल्या कामाला आपलं माणूस लागतं, मास्तर. तुमची एवढी मोठी मंडळी. देवाची माणसं तुम्ही. तुम्हाला सांगता येतं.”

आणि ते गेले.

मोहरवाडीची आमची मंडळी खरंच मोठी होती, आणि देवाची तर होतीच. पण तो रविवार जरा अडचणीचा होता. आमच्या उपासनेत उपदेश झाला की साक्षी असत. ज्याला देवाने काही दिलं असेल त्याने उठून सर्वांसमोर सांगायचं. त्या रविवारी साक्ष मार्थाबाईंची होती. आशेरला नवा ट्रक चालवायला मिळाला होता आणि मालकाने त्याला कायम केलं होतं. मार्थाबाई आठवडाभर साक्षीची तयारी करत होत्या. शनिवारी शाळेच्या फाटकाशी मला थांबवून त्यांनी ती म्हणूनही दाखवली होती. तिचं पहिलंच वाक्य होतं, “प्रभूने माझ्या लेकराला रस्त्यावर सांभाळलं.”

म्हणजे उपदेश संपला की ती बाई उभी राहणार आणि हे म्हणणार.

मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो. त्या खोलीला आम्ही वेस्ट्री म्हणत असू. तिथे पाळकांचा झगा, भाता फाटलेली पेटी आणि गेल्या नाताळचा बांबूचा तारा ठेवलेला असे. मंडळीचे दोन वडील, म्हणजे कमिटीतले जुनेजाणते, उजागरे आणि मकासरे, दानाच्या थाळ्या घेऊन तिथेच आले होते. उजागरे म्हणजे निवृत्त हवालदार. मकासरे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते म्हणू देत. या दोघांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. चर्चला रंग पांढरा द्यायचा की पिवळा, यावरून आमचं चर्च कित्येक वर्षं बिनरंगाचं होतं.

मी बातमी सांगितली. उजागरे पेटीवर बसले. पेटी आधीच फाटलेली असल्यामुळे ती एक लांब सूर काढून खाली गेली.

“अरेरे,” मकासरे म्हणाले. “एकुलता एक.”

मग उजागरे म्हणाले, “पाळकांनी सांगावं. त्यांचंच काम आहे हे.”

“पाळक आता उपदेशाला उभे राहणार,” मकासरे म्हणाले. “ते खाली उतरले म्हणजे उपदेश संपला. उपदेश संपला म्हणजे साक्ष. बाई उठल्याच म्हणून समजा.”

“मग त्यांनी उतरू नये.”

“बरोबर. उतरू नये.”

हे त्यांचं पहिलं एकमत. त्याचा साक्षीदार मी आहे.

असं ठरलं की बाईंना कुणी सांगायचं हे कमिटी ठरवेल, आणि ते ठरेपर्यंत उपदेश चालू राहील. मी पाण्याचा ग्लास घेऊन व्यासपीठाशी गेलो. शेवटचं कडवं चाललं होतं. मी पाळकांच्या कानाशी लागलो.

“साहेब, मार्थाबाईंचा आशेर वारला. त्यांना अजून माहीत नाही. आम्ही आत ठरवतोय. मी पाणी घेऊन आलो की लांबवा. रिकाम्या हाताने आलो की थांबवा.”

रेव्हरंड हिवाळे तरुण होते, नुकतेच आमच्याकडे बदलून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पहिल्या चटईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मार्थाबाई पहिल्या चटईवर अगदी मधोमध बसल्या होत्या. पांढरं पातळ, कडक खळीचं. त्या पाळकांकडे बघून प्रसन्न हसल्या. पाळकांनी सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि विषय जाहीर केला.

विषय त्यांनी आधीच काढून ठेवलेला होता. देव दीनांना आणि कुणी विचारत नाही अशांनाच का निवडतो?

मी वेस्ट्रीत परतलो. मधल्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळे आत बसूनही उपदेशाचा लाभ होत होता.

“मकासरे, तुम्ही दवाखान्यात होता,” उजागरे म्हणत होते. “तुम्हाला मरणाची सवय आहे.”

“मी बाटल्या भरून देत होतो. मेलेला माणूस बाटली घेऊन येत नाही. उलट तुम्ही. पोलिसात असताना किती घरी असल्या बातम्या दिल्या असतील.”

“आम्ही बातम्या द्यायचो नाही. घ्यायचो.”

खिडकीतून पाळकांचा आवाज आला. गिदोनाचं चाललं होतं. शत्रूच्या भीतीने हा माणूस खळं सोडून द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडत होता, आणि देवाचा दूत त्यालाच शूर वीर म्हणून हाक मारतो. गिदोन म्हणतो, आमचं कुळ सगळ्यांत दुबळं, आणि घरात मी सगळ्यांत धाकटा. मग देव म्हणतो, तूच जा.

मकासऱ्यांनी बोट वर केलं.

“ऐकलंत? वचन स्पष्ट आहे. देव अशा कामाला दीन माणूस घेतो. मी काही दीन नाही. मला गर्व आहे. सगळ्या मंडळीला ठाऊक आहे.”

उजागऱ्यांना हे सहन झालं नाही. “गर्वाचं तुम्ही मला सांगता?”

“नाही का? गेल्या नाताळात मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली नाही म्हणून मी केकला हात लावला नाही.”

“तुम्ही केकला हात लावला नाही. मी तर उठून घरी गेलो होतो. जाताना फाटक आपटलं होतं. मास्तरांना विचारा.”

मी म्हणालो, आपटलं होतं.

“पाळकांच्या घरी मी अजून पाय ठेवलेला नाही,” मकासरे म्हणाले, “कारण त्यांनी आधी तुम्हाला जेवायला बोलावलं.”

“मी गेलो, पण जेवलो नाही. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सारलं.”

एरवी कुणी यातलं एक वाक्य बोललं असतं तर दोन्ही घराण्यांत महिनाभर बोलणं बंद झालं असतं. त्या दिवशी दोघे आपापला गर्व पदरचे पुरावे देऊन सिद्ध करत होते.

“मास्तर, तुम्ही?” उजागऱ्यांनी अचानक विचारलं.

माझंही कारण तयार होतं आणि त्यांच्यापेक्षा ते काही वाईट नव्हतं. आशेर माझ्या हाताखाली शिकला. त्याला सातवीत मी दोनदा बसवला. त्याच्या आईला मी काय तोंडाने सांगू?

“आणि पाणी कोण नेणार?” मी म्हणालो.

ते दोघांना पटलं. मी पाणी नेलं.

पाळक दावीदावर आले होते. शमुवेल राजा निवडायला इशायच्या घरी आला तेव्हा बापाने सगळी मुलं ओळीने उभी केली, पण मेंढरांमागे गेलेल्या धाकट्याला हाकही मारली नाही. मार्थाबाई मान डोलवत होत्या. बाकी मंडळी चुळबुळायला लागली होती, कारण रेव्हरंड हिवाळ्यांचा उपदेश आटोपशीर असे आणि त्या हिशेबाने घरोघरी चुलीवर कालवण ठेवलेलं असे. माझ्या हातात ग्लास बघून पाळकांचे डोळे मला काही सांगू पाहत होते. मी ग्लास ठेवला आणि निघालो. पाळक दावीदाच्या भावांची एकेक करून नावं आठवायला लागले.

मी परत आलो तेव्हा दोघे वडील खिडकीला चिकटून उभे होते. त्यांची नजर चर्चच्या दाराकडे होती.

दारात सोजरबाई बसली होती.

सोजरबाई ओढ्यापलीकडची. आमच्या मंडळीत काही घरं ओढ्याच्या अलीकडची होती आणि काही पलीकडची. बाप्तिस्मा होण्याआधी कोण कुठल्या वस्तीत होतं, त्यावरून हे अलीकड-पलीकड पडलेलं. ख्रिस्तात सगळे एक असल्यामुळे प्रभुभोजनाचा प्याला एकच होता. फक्त पलीकडच्यांची रांग शेवटी लागे. सोजरबाई तर त्या रांगेच्याही शेवटी. ती उपासनेला दारातल्या दगडावर बसे, हातात बाभळीची काठी, आणि आत शिरू पाहणारी कुत्री हाकलत असे. ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती बसली आणि कुत्री यायची थांबली, तेव्हा मंडळीने ते देवाची योजना म्हणून मान्य केलं.

तिचं दुसरं एक काम होतं. कुणाच्याही घरी मयत झालं की सोजरबाईला बोलावणं जाई. कफन ती शिवायची, बायामाणसांच्या देहाला आंघोळ तीच घालायची, आणि घरातली माणसं सुन्न बसलेली असताना मागच्या दाराने पाणी भरून ठेवायची. त्यामुळे इतर वेळी ती कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे. लग्नाचं आमंत्रण तिला नसायचं. ती गल्लीत दिसली की बाया लेकरांना आत घेत. वाईट कुणीच वागत नव्हतं. फक्त बाजूला होत.

“तिला सांगू द्या,” मकासरे हळू म्हणाले.

“दीन म्हणाल तर तिच्यापेक्षा दीन कुणी नाही,” उजागरे म्हणाले. “आणि पोटची सगळी पोरं पुरलीत तिने. तिला सवय आहे.”

हे त्यांचं दुसरं एकमत. मला त्यात चूक काढता येईना. मी जाऊन तिला बोलावून आणलं.

ती वेस्ट्रीच्या उंबऱ्यापाशी थांबली. उजागऱ्यांनी “आत ये, बाई” म्हटलं तेव्हा ती एक पाऊल आत आली आणि काठी कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून राहिली.

“कोण गेलं?” तिने विचारलं. “पाटील आले तवाच कळलं मला, की कुणीतरी गेलं.”

“मार्थाबाईंचा आशेर,” मी म्हणालो.

ती खाली बसली. तोंडाला पदर लावला. मकासरे तिच्यासमोर उकिडवे झाले आणि दवाखान्यात पेशंटशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “सोजरबाई, मार्थाबाईंना तू सांगायचं आहेस. कमिटीने तुझी निवड केली आहे.”

“मला नका लावू, साहेब.”

“सोपं आहे. जवळ बसायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, प्रभूने आपल्या बागेतलं फूल खुडून नेलं.”

“फूल नको,” उजागरे म्हणाले. “प्रभूने दिलं, प्रभूने नेलं, असं म्हण. वचनातलं आहे.”

“फूल बरं वाटतं ऐकायला.”

“वचन ते वचन.”

“मला बोलायचं काम पडत नाही, साहेब,” सोजरबाई म्हणाली. “मी उठले की कळतं लोकांना.”

हे कमिटीच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मग तर फारच चांगलं,” उजागरे म्हणाले.

“दुसऱ्या कुणाला पण पाठवा,” ती म्हणाली. ती वडिलांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. “मास्तर, तुम्ही सांगा यांना. कुणाच्या बी घरी मी जाईन, सांगाल तिथं जाईन. तेवढं त्यांच्याकडं नको. तेवढं एकच दार हाये मला.”

ते मला माहीत होतं. मार्थाबाई मिशनच्या सुईण. अलीकडचं-पलीकडचं अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्माला आलं होतं. एकीचं काम माणूस आल्यावर, दुसरीचं गेल्यावर. सुट्टी दोघींना नव्हती. रोज तिसऱ्या प्रहरी सोजरबाई मार्थाबाईंच्या ओसरीवर जायची. पुढच्या दाराने. मार्थाबाई चहा करायच्या आणि कपबशी तिच्या हातात द्यायच्या, उंबऱ्यावर ठेवून नव्हे. दोघी काय बोलायच्या कोण जाणे. पण शाळा सुटल्यावर मी तिकडून जायचो तेव्हा हसण्याचा आवाज यायचा, आणि सोजरबाईला हसताना मी दुसरीकडे कुठेही ऐकलेलं नाही.

“मी जाऊन बसले,” ती म्हणाली, “की त्यांनाबी मी तशीच दिसणार. इतरांना दिसते तशी. मग मी कुठं जाऊ?”

त्याच वेळी खिडकीतून पाळकांचा आवाज वाढला. दावीदाचे भाऊ संपले असावेत, ते मागे वळून मोशेवर आले होते. मोशे म्हणाला, प्रभू, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला पाठव. आणि देवाचा राग मोशेवर भडकला.

उजागरे तिच्याकडे बघून नुसते हात पसरून उभे राहिले, जणू खिडकीतून आलेलं ते त्यांचंच म्हणणं होतं आणि त्याला त्यांचाही इलाज नव्हता.

सोजरबाईने ते ऐकलं. ती दर रविवारी ऐकायची. दारातून सगळं ऐकू यायचं. तिने पदराने डोळे पुसले.

“टेम्पो कवा येणार?” तिने विचारलं.

“दुपारच्या आत,” मी म्हणालो.

“मग दारातच बघतील त्या. एकट्या.” ती काठीवर जोर देऊन उठली. “तसं नको.”

“मग जातेस?” मकासऱ्यांनी विचारलं.

“तुम्ही कुणी जात नाही म्हटल्यावर,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर आम्हाला बरं वाटलं असतं.

काठी तिने वेस्ट्रीच्या कोपऱ्यात ठेवली. मी तिच्यामागोमाग चर्चच्या दारापर्यंत गेलो, रिकाम्या हाताने.

मोशे संपला होता, मासे धरणारे शिष्य संपले होते, अंजिराच्या झाडांची निगा राखणारा आमोस आणि नामानाच्या घरातली दासी हेही येऊन गेले होते. पवित्र शास्त्रातले दीन लोक संपत आल्यामुळे पाळक बलामाच्या गाढवीपर्यंत आले होते. गाढवीला देवदूत दिसला, तिच्यावर बसलेल्या ज्ञानी माणसाला दिसला नाही, असं ते घामाघूम होऊन सांगत होते. सोजरबाई दारातून आत आली.

आमच्या चर्चमध्ये दोन बाजूंना चटया आणि मधून वाट. त्या वाटेने सोजरबाई तोवर कधी चाललेली नव्हती. सगळ्यात मागच्या चटईवरच्या एका बाईने तिला पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. कुजबूज झाली नाही. नुसती डोकी वळत गेली. प्रत्येक बाईने आधी शेजारी बघितलं, लेकरं जवळ ओढली, पुरुषांच्या बाजूला आपला माणूस दिसतो का ते पाहिलं. जी माणसं तिथे नव्हती, शेतावर होती, गावाला गेली होती, त्यांची नावं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती. सोजरबाई जिच्या चटईवरून पुढे जाई, तिचा श्वास सुटे. सुटला की लगेच डोळे भरून येत, कारण मग उरलेल्या चटयांपैकी कुणाची, ते बघायचं राहिलेलं असे. एकेक चटई मोकळी होत गेली. शेवटी एकच राहिली.

गाढवीचं वाक्य अर्धं टाकून पाळक थांबले.

मार्थाबाईंनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, सोजर,” त्या म्हणाल्या. “आलीस एकदाची पुढे? किती वर्षं सांगतेय. ये, बस.” त्यांनी पातळ सावरून चटईवर जागा केली. “बरं केलंस. साक्ष जवळून ऐक माझी.”

सगळ्या चर्चला कळलं होतं. सोजरबाईकडे बघून ज्या एकाच माणसाच्या मनात मरण येत नव्हतं, त्या एकाच माणसाला कळलं नव्हतं.

सोजरबाई त्यांच्याशेजारी बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला, पण तेही रोजचंच असावं, कारण मार्थाबाईंनी तो सहज घेऊ दिला. मागून कुणाचा तरी हुंदका आला. मग आणखी एक. मार्थाबाईंनी मान वळवली. एवढी माणसं रडताना बघून त्या गोंधळल्या. मग त्यांना समजल्यासारखं झालं. त्या सोजरबाईच्या कानाशी लागल्या, पण त्यांचा आवाज हळू बोलण्यातला नव्हता.

“कुणाच्या घरी झालं गं?”

सोजरबाईने त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

“बरं, बरं. साक्ष काय, पुढच्या रविवारी देईन.” मार्थाबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. “चल, मी येते तुझ्याबरोबर. एकटी कुठे कुठे पुरशील?”

वेस्ट्रीच्या दारात उजागरे आणि मकासरे उभे होते. फूलही कुणाला आठवत नव्हतं आणि वचनही. पाळकांच्या हातात रिकामा ग्लास होता. एवढ्या माणसांपैकी कुणी एक शब्द बोललं असतं तर सोजरबाईची सुटका झाली असती. मी पाळकांकडे बघत होतो आणि पाळक माझ्याकडे.

“आपल्याच घरी, बाई,” सोजरबाई म्हणाली.

मार्थाबाई अर्ध्या उठलेल्या होत्या. “आपल्या?”

“व्हय. आपल्याच घरी जायचंय.” तिने त्यांचा हात सोडला नव्हता. “आशेरला आणतायत टेम्पोतून.”

मार्थाबाई पुन्हा खाली बसल्या. सावकाश, पातळाची घडी न मोडता. त्यांनी सोजरबाईकडे पाहिलं, आणि यावेळी बाकी सगळे बघत तसं पाहिलं. मी ते दारातून पाहिलं. मग त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

आशेरला संध्याकाळी पुरला. कफन सोजरबाईने शिवलं.

पुढच्या कमिटीत उजागऱ्यांनी ठराव मांडला की एवढा कठीण प्रसंग मंडळीने शांतपणे पार पाडला याबद्दल देवाचे आभार मानावेत. मकासऱ्यांनी अनुमोदन दिलं. हे तिसरं. त्यानंतर मात्र दोघे पूर्ववत झाले आणि चर्चला रंग लागायला उजागरे वारावे लागले.

रेव्हरंड हिवाळ्यांची उन्हाळ्यात बदली झाली. मार्थाबाई काही दिवसांनी दवाखान्यात जायला लागल्या, लोकांची बाळंतपणं करायला लागल्या, चर्चलाही यायला लागल्या. पहिल्या चटईवर नव्हे, मधे कुठेतरी. आवाज खाली आला होता.

तिसऱ्या प्रहरी ओसरीवर कुणी दिसत नसे. मी शाळेतून येता-जाता बघायचो. एकदा मार्थाबाईंनीच मला थांबवलं.

“मास्तर, सोजर भेटली तर सांगा, येत जा म्हणावं. मी काही रागावलेली नाही. तिने काय केलं? तिचा काय दोष?”

मी निरोप सांगायला ओढ्यापलीकडे गेलो. सोजरबाई घरासमोर गोवऱ्या थापत होती. मी सांगितलं तेव्हा तिने हात थांबवले नाहीत.

“जाते की मी,” ती म्हणाली. “दोन-चारदा गेले. त्या ये म्हणतात, बस म्हणतात, चहा टाकतात. पण कप द्यायला आल्या की हात थरथरतो त्यांचा. सगळा चहा बशीत सांडतो. मग त्या हसतात, मी बी हसते. पुसून घेतो. दुसऱ्या खेपेला पुन्हा तसंच.” तिने एक गोवरी थापून बाजूला सारली. “त्यांच्या मनात काही नाही, मास्तर. हातच ऐकत नाही. मग मीच जाईना झाले. कशाला त्या माऊलीला ताप?”

मी म्हणालो, होईल हळूहळू कमी. तिने मान हलवली, माझ्या समाधानासाठी.

मी निघालो तेव्हा तिने मागून हाक मारली.

“मास्तर, एक विचारू का? त्या दिवशी पाळकसाहेब सांगत होते ना, देव गरिबालाच का निवडतो म्हणून. मी दारातून नीट ऐकत होते. आता कारण सांगतील, आता सांगतील, म्हणून बसलेली, तेवढ्यात तुम्ही बोलवायला आलात. मग काय सांगितलं त्यांनी?”

“नाही सांगितलं,” मी म्हणालो. “गाढवीपाशी थांबले ना.”

“मागनं तरी कधी?”

पाळकांना बदलीच्या वेळी मी स्वतः ते विचारलं होतं. सामान बैलगाडीत चढत होतं. ते थोडा वेळ आठवत उभे राहिले, मग म्हणाले, कारण अगदी शेवटी होतं, मास्तर. त्या दिवशी मला सारखं लांबवावं लागलं. आता काही केल्या आठवत नाही.

“त्यांच्याही लक्षात राहिलं नाही,” मी सोजरबाईला सांगितलं.

ती शेणाचे हात तसेच धरून विचार करत राहिली. मग तिचा चेहरा जरा सैल झाला.

“म्हणजे कुणालाच नाही सांगितलं,” ती म्हणाली. “मला आपलं वाटत होतं, सगळ्यांना कळलं आणि मी एकटीच राहिले.”